शून्य क्षेत्राच्या प्रमुख

नवे प्रशासक रुजू झाले ते काखेत एक गुंडाळी घेऊनच. पहिल्याच बैठकीत त्यांनी ती टेबलावर उलगडली, पण कागद काही केल्या सरळ राहीना. चार कोपऱ्यांवर चार चहाचे कप ठेवले तेव्हा कुठे तो वठणीवर आला. कागदावर रंगीत चौकोन होते आणि सगळं हॉस्पिटल त्या चौकोनांत कोंबून बसवलं होतं. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं आराखडेसाहेब. अर्थात पाठीमागे. समोर सगळे नुसतं "साहेब" म्हणत.

दाराजवळच्या खुर्चीवर स्विचताई बसली होती. तिला बैठकीला बोलावलं नव्हतं, प्रोजेक्टर लावायला बोलावलं होतं. लावून झाल्यावर "तुम्ही जा" म्हणायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून ती राहिली.

हॉस्पिटलच्या तळघरात एक गार खोली होती. एका बाजूला सर्व्हर, दुसऱ्या बाजूला डिस्कची कपाटं आणि मधोमध दोन स्विच. इथला प्रत्येक एक्स-रे, रक्ताचा प्रत्येक रिपोर्ट, औषधाची प्रत्येक नोंद कपाटात जाताना आणि परत येताना या दोघांच्याच पोटातून जाई. दोघांना मिळून शहाण्णव पोर्ट. स्विचताई त्यांना दारं म्हणायची. कुठल्या दारातून कोणी जायचं, कोणाला कुठलं कपाट उघडायची मुभा, कोणाचा पासवर्ड संपत आलाय, हे ती एकटी बघायची. एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे केसपेपर टाइप करायला लागली होती. पहिला स्विच बसवणारा इंजिनियर सहा महिन्यांत चांगल्या नोकरीवर गेला आणि मागे उशीएवढं जाड पुस्तक ठेवून गेला. ते तिने जेवणाच्या सुट्टीत, एका मांडीवर डबा आणि दुसऱ्या मांडीवर शब्दकोश घेऊन वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काय कळलं नव्हतं ते कळलं. तिसऱ्या वाचनानंतर तिने खोलीची किल्ली मागून घेतली, आणि कोणी नाही म्हणालं नाही, कारण दुसऱ्या कोणालाच ती नको होती.

"प्रत्येकाला आपापलं क्षेत्र," साहेब सांगत होते. "या स्विचमध्ये तशी सोयच आहे. एक्स-रेवाल्यांना फक्त एक्स-रेची दारं दिसतील, लॅबला लॅबची. दुसऱ्याच्या घरात डोकावणं बंद! प्रत्येक क्षेत्राला एक प्रमुख, प्रत्येक प्रमुखाला एक लॉगिन."

कल्पना वाईट नव्हती. पुस्तकात तिच्यावर पानंच्या पानं होती. पण सुरी चांगली असून भागत नाही, भाजी चिरली जाणार की बोट, हे धरणाऱ्यावर असतं.

"आमच्या क्षेत्राचा नंबर काय?" एक्स-रेच्या डॉक्टरांनी विचारलं.

"दोन."

"मग एक कोणाचा?"

साहेब नुसते हसले, आणि एक कोणाचा ते सगळ्यांना कळलं.

"म्हणजे लॅब तिसरी?" लॅबच्या मॅडमचा आवाज चढला. "रक्त तपासल्याशिवाय इथे पान हलत नाही, आणि आम्ही फोटो काढणाऱ्यांच्या मागे?"

"फोटो काढणारे?" डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "मग तुम्ही काय, सुया टोचणाऱ्या?"

"लॅबला दोन-अ देऊ," साहेब म्हणाले.

"मशीन अक्षर घेत नाही, साहेब," दाराजवळून आवाज आला. "आकडाच लागतो."

तासाभराने लॅबने सात घेतला, कारण तो मॅडमचा आवडता होता. औषधभांडाराचे काका इतका वेळ गप्प होते. आकडा मोठा तर क्षेत्र मोठं असं मनाशी धरून त्यांनी एकदम दोनशे मागितला, आणि मिळाल्यावर मिशीतल्या मिशीत हसत बसले.

"आणि उरलेलं?" स्विचताईने विचारलं.

"उरलेलं म्हणजे?"

"जी दारं कोणाच्याच क्षेत्रात नाहीत ती. मशीन ती आपोआप शून्य नंबरच्या क्षेत्रात टाकतं. कोणी आपल्या क्षेत्रातून दार काढून टाकलं तरी ते शून्यातच येऊन पडतं."

"मग ते शून्य तुम्ही सांभाळा," साहेब मोठ्या मनाने म्हणाले. "तुम्हीपण प्रमुख! शून्य क्षेत्राच्या प्रमुख!"

हशा पिकला. भांडारकाका तर इतके हसले की कोपऱ्यावरचा कप हलला आणि आराखड्याने एक बाजू गुंडाळून घेतली.

मग साहेबांनी नियम वाचला. दर सोमवारी सकाळी आठला सगळ्या क्षेत्रांच्या चुकांचा अहवाल मशीनच सगळ्या प्रमुखांना आणि थेट संचालक मंडळाला पाठवील, मध्ये माणसाचा हात नको. दारातून जाताना माहितीचा तुकडा मोडला, गाळला गेला, की मशीन त्या दारापुढे एक चूक मांडतं. तीन महिने हे आकडे पुसायचे नाहीत. दर सोमवारी सर्वात कमी चुकांच्या क्षेत्राला प्रमाणपत्र. तीन महिन्यांनी सर्वात जास्त चुका ज्याच्या, त्याचं क्षेत्र बाहेरच्या कंपनीला आणि प्रमुखाची दुसरीकडे सोय.

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" काकांनी विचारलं.

"केसपेपरच्या खिडकीत एक खुर्ची रिकामी आहे," साहेब म्हणाले. ती खुर्ची सगळ्यांना माहीत होती. लाकडी, ताठ पाठीची, एक पाय जरासा आखूड. एकोणीस वर्षांपूर्वी स्विचताई त्याच खुर्चीवर बसायची. आखूड पायाखाली तिनेच घडी घालून ठेवलेला पुठ्ठा अजून तिथेच होता.

साहेबांनी स्वतःकडे आणखी एक गोष्ट घेतली. सगळी क्षेत्रं एकदम दिसतील आणि बदलता येतील असा सगळ्यात वरचा अधिकार. स्विचताईकडे तो होताच, तो काढून घ्यायचंही त्यांनी ठरवलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी लॉगिन कुठून करायचं हे विचारायला त्यांचा फोन आला आणि विषय तिथेच राहिला. तिचा अधिकार टिकला, फक्त कागदावर त्याच्यापुढे "केवळ आदेशानुसार" असं लिहिलं गेलं.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या सोमवारी एक्स-रे विभागाच्या एका दारापुढे नऊशे चुका निघाल्या. शुक्रवारी दुपारी साडेचारला एक अर्ज तळघरात आला. वर ठसठशीत मथळा, "दार वगळण्याचा अर्ज", आणि खाली साहेबांची सही. एक्स-रे विभागाला हे दार आपल्या क्षेत्रात नको होतं.

स्विचताई अर्ज घेऊन वर गेली. "साहेब, दार वगळलं तरी त्यातून ये-जा चालूच राहणार. फोटो त्याच दारातून जाणार. फक्त दाराचा धनी बदलेल. आणि चुकांचा आकडा दाराच्या कपाळावर असतो, दार जाईल तिथे तो जातो."

"मग अडचण काय?"

"ते दार माझ्याकडे येईल."

"ताई," साहेबांनी चष्मा काढला, "तक्रारीचा सूर नको. टीमवर्क!"

तिने खाली येऊन कमांड टाइप केली. स्वतःच्या हाताने दुसऱ्याचा केर स्वतःच्या उंबऱ्यात लोटायचा, वर आदेशानुसार! सोमवारी एक्स-रे विभागाच्या चुका शून्य झाल्या. डॉक्टरांनी लॅबच्या मॅडमना जिन्यात गाठून अहवाल दाखवला. मॅडमना युक्ती कळायला दोन जिने पुरले.

पुढच्या शुक्रवारी तीन अर्ज, त्याच्या पुढच्या शुक्रवारी आठ. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी जगाची रीत. इथे बाळ्याच्या नाकाला शेंबूड दिसला की लोक त्याला शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्याच्या ओट्यावर ठेवून येऊ लागले. भांडारकाकांनी तर एका दारापुढे दोन चुका दिसल्या म्हणून ते वगळलं. दोन! ते दार तिने कापडाने पुसलं आणि पुन्हा काही ते चुकलं नाही, पण अर्जात "परत घेण्याचा" रकाना नव्हता.

ती जमेल तेवढं दुरुस्त करत होती. केबलची टोकं पुसत होती, जुनी बदलत होती. बहुतेक दारं शांत झाली, तरी कपाळावरचे आकडे पुसायची परवानगी नव्हती. आणि एक दार काही केल्या ऐकेना. तेच, एक्स-रेचं पहिलं. फोटोंचा सर्व्हर खरं तर तळघरात हवा, पण डॉक्टरांनी तो आपल्या टेबलाखाली ठेवून घेतला होता, "आमचे फोटो आमच्या डोळ्यांसमोर" म्हणून. केबलचं इकडचं टोक स्विचताईने तीनदा बदललं. खोट तिकडच्या टोकाला होती आणि तिकडे जायची सोय नव्हती.

"आत यायचं तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागेल," एक्स-रेच्या दारावरचा माणूस म्हणाला.

"अहो, काल-परवापर्यंत मी रोज येत होते."

"तेव्हा क्षेत्र नव्हतं, ताई."

तिने परवानगी मागितली. उत्तर आलं की सदर दार एक्स-रे विभागाच्या क्षेत्रात येत नसल्याने सदर विषय या विभागाशी संबंधित नाही. फोटो उघडायला मात्र वीस-वीस मिनिटं लागू लागली. बाहेरच्या बाकावर लोक दुखरे गुडघे धरून ताटकळत, आणि डॉक्टर दारात येऊन सांगत, "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. चूक शून्य क्षेत्राची आहे."

घरी सांगून उपयोग नव्हता, तरी तिने सांगितलं. नवऱ्याने पेपर खाली न घेता "हं" केलं. सासूबाईंनी मात्र हातातलं विणकाम थांबवलं.

"म्हणजे ज्याला कोणी वाली नाही ते तुझं?"

"हो, आई."

"मग घरी काय वेगळं आहे?" सासूबाई म्हणाल्या. "कपाटामागे पडलेला मोजा कोणाचा? तुझा. फ्रीजमधलं वाटीभर उरलेलं कोणाचं? तुझं. मी या घरात आले तेव्हा ते माझं होतं. तू आलीस आणि मी सुटले." आणि त्या परत विणू लागल्या, जरा जास्तच मजेत.

जिन्यातला दिवाही त्यातलाच. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. दिवा दोन मजल्यांच्या मध्ये, वळणावर. वरचे म्हणत तो खालच्यांचा, खालचे म्हणत वरच्यांचा. दरवेळी तो गेला की स्विचताई स्टुलावर चढून बदलायची. या तीन महिन्यांत मात्र तिला दुसऱ्यांची दारं पुसण्यातून सवड नव्हती. दिवा गेला तो गेलाच. दहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी सासूबाई त्या वळणावर एक पायरी चुकल्या आणि मनगटावर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई एक्स-रे विभागात, आणि सून त्याच विभागाच्या दाराबाहेर. पेशंटबरोबर एकालाच आत सोडत, आणि तिथे नवरा गेला होता. तासाभराने दोघं बाहेर आली. सासूबाईंचा हात गळ्यात, पण चेहरा एखादी खास बातमी आणणाऱ्या बाईचा.

"फोटो उघडेना म्हणून त्या डॉक्टरने मला समोर बसवून ठेवलं," त्या म्हणाल्या. "काय गं, त्याला झोक्याची हौस आहे का?"

"कसला झोका?"

"खुर्ची आहे त्याची चाकांची, नवी कोरी. जरा वेळ गेला की सरकतो मागे, हात डोक्यामागे घेतो, मग येतो पुढे. मागे, पुढे. आणि भिंतीपासून टेबलापर्यंत एक निळसर दोरी आहे जमिनीवरून. दरवेळी चाक तिच्यावरून. मी मोजलं, तासाभरात चोवीस वेळा. दुसरं होतं काय करायला?"

स्विचताईला एकदम उलगडा झाला. ती निळसर दोरी म्हणजे काचेची केबल होती. केसाएवढी काच, आणि तिच्यावरून नव्वद किलोंचे डॉक्टर दिवसातून दोनशे वेळा ये-जा करत होते! दोन महिने अर्ज, सह्या आणि उत्तरं होऊन जे सापडलं नाही, ते मोडक्या मनगटाला सापडलं. सासूबाईंना कुठल्याच क्षेत्राचं लॉगिन नव्हतं, म्हणून त्यांना सगळं दिसलं.

तिने त्याच दिवशी साहेबांना लिहून कळवलं. साहेबांनी ते डॉक्टरांकडे "अभिप्रायार्थ" पाठवलं. डॉक्टरांनी अभिप्राय दिला की खुर्ची ही एक्स-रे क्षेत्रातील बाब असून शून्य क्षेत्राने तिच्यात लक्ष घालू नये.

तीन महिने संपायच्या आधीचा शुक्रवार उजाडला. पुन्हा तेच सभागृह, तेच चार कप. भिंतीवर अहवाल. क्षेत्र एक, प्रमुख आराखडेसाहेब: दार एक, चुका शून्य. त्या एका दारामागे साहेबांचे आराखडे साठवायचा सर्व्हर होता, आणि तो साहेबांशिवाय कोणी वापरत नसल्याने चुकायला कोणी नव्हतं. बारा आठवडे साहेबांनी स्वतःच्या हाताने स्वतःला प्रमाणपत्र दिलं होतं, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. दोन, सात आणि दोनशे: चुका शून्य, शून्य, शून्य. शेवटची ओळ, शून्य क्षेत्र: दारं त्रेचाळीस, चुका एक लाख अठरा हजार.

"आकडे बोलतात," साहेब म्हणाले. "सोमवारचा अहवाल शेवटचा. तो मंडळाकडे गेला की शून्य क्षेत्र बाहेरच्या कंपनीला. ताई, वाईट वाटून घेऊ नका. खिडकीतली खुर्ची मी पुसून ठेवायला सांगितलीय."

स्विचताईला वाटलं होतं की अशा वेळी डोळ्यांत पाणी येईल. आला तो नुसता राग, आणि रागाबरोबर पुस्तकातलं दोनशे बारावं पान.

"साहेब, शून्य क्षेत्र कोणाला देता येत नाही," ती म्हणाली. "ते क्षेत्रच नाही. बाकी सगळी क्षेत्रं वाटल्यावर जे उरतं ते. मशीन ते पुसू देत नाही, कोणाच्या नावावर करू देत नाही. फक्त रिकामं करता येतं."

"मग रिकामं करा."

"त्यासाठी प्रत्येक दाराला धनी लागेल. कोणीतरी आपल्या क्षेत्रात घ्यायला हवं." तिने यादी काढली. "एक्स-रेची सतरा आहेत. डॉक्टर, घेता परत?"

डॉक्टर छताकडे बघू लागले. "ती आता आमच्या कार्यकक्षेत नाहीत."

"मॅडम, लॅबची पंधरा."

"माझ्या क्षेत्रात एकही चूक नाही, आणि मी ती येऊ देणार नाही. माझा विश्वास नाही असल्या दारांवर."

"काका?"

भांडारकाका खोकले. खोकला बराच लांबला. "जागा नाही," ते शेवटी म्हणाले.

"दोनशे नंबरात जागा नाही?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही तुमच्या सातात बघा!"

डॉक्टर मध्ये पडले, मॅडम डॉक्टरांवर उलटल्या, आणि बघता बघता कोणी कोणाचं दार कधी कोणाच्या गळ्यात मारलं याचा सगळा इतिहास टेबलावर आला. साहेब "एकेक करून" म्हणत राहिले. शेवटी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. चारही कप एकदम उडाले, आणि आराखड्याने मोकळं होऊन स्वतःला गुंडाळून घेतलं.

"बास! लहान मुलांसारखे भांडताय! सगळी दारं माझ्या क्षेत्रात घ्या. सोमवारी शून्यात काही दिसता कामा नये. नेतृत्व म्हणजे काय ते मी दाखवतो."

"साहेब," स्विचताई म्हणाली, "आकडे दारांबरोबर जातात."

"मला शिकवू नका."

"सोमवारचा अहवाल मंडळाकडे आपोआप जातो, साहेब. तुमच्या नावाने."

"ताई, माझा वेळ घेऊ नका!"

तिने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ठोके द्यायला ती काही भिंतीवरचं घड्याळ नव्हती. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला, कमांड लिहून दिली आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या बदलाला तुमचं लॉगिन हवं. माझं केवळ आदेशानुसार आहे."

साहेबांनी एका हाताने कीबोर्ड झाकला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड टाकला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी आपला कप उचलून त्याच्या बुडाला चिकटवलेली चिठ्ठी वाचली, आणि एंटर दाबलं. मशीनने विचारलं, नक्की? त्यांनी पुन्हा दाबलं, पहिल्यापेक्षा जोरात.

सोमवारी आठ वाजून पाच मिनिटांनी तळघराच्या दारावर टकटक झाली. साहेब या खोलीत पहिल्यांदाच येत होते. थंडीने की आणखी कशाने, त्यांनी कोटाची बटणं लावली.

"ताई, अहवालात काहीतरी घोटाळा झालाय. माझ्या क्षेत्रात एक लाख..."

"एक लाख एकवीस हजार," ती म्हणाली. "शनिवारी-रविवारी डॉक्टरांची ड्यूटी होती. खुर्ची चालूच होती."

"आणि शून्य क्षेत्र पहिलं आलंय! दारं शून्य, चुका शून्य!"

"तुमच्या क्षेत्राच्याही चुका शून्यच आल्या असत्या, पण दारं चव्वेचाळीस आहेत."

"मंडळाचा फोन आला होता. विचारतायत, कंपनीला क्षेत्र एक कधी सोपवणार आणि माझी सोय कुठे करायची." साहेब स्टुलावर बसले. "तुम्ही ती दारं परत शून्यात टाका. आत्ताच्या आत्ता."

"टाकते ना." स्विचताईने खण उघडला आणि एक कागद त्यांच्यापुढे ठेवला. दार वगळण्याचा अर्ज. साहेबांचाच, फक्त खाली एक रकाना नव्याने आखलेला: वगळलेलं दार कोण घेणार, त्याचं नाव व सही. "हा रकाना राहून गेला होता, साहेब. तो भरल्याशिवाय यापुढे एकही दार हलायचं नाही, असं तुम्ही आदेशात लिहा."

"आणि सही करणारा मिळाला नाही तर?"

"तर दार जिथे आहे तिथेच राहील. आणि धन्याला ते दुरुस्त करायला यावं लागेल."

साहेबांनी तो रकाना बराच वेळ पाहिला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी शेकडो चौकोन आखले होते, पण असा चौकोन त्यांच्यावर कोणी आखला नव्हता. "आता काय करायचं?" त्यांनी विचारलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या प्रश्नाला प्रश्नाचा सूर होता.

"आता आपण एक्स-रेमध्ये जायचं. तुमचं दार आहे ते. तुम्हाला परवानगी लागत नाही."

दारावरच्या माणसाने साहेबांना पाहून दार इतकं उघडलं की ते भिंतीवर आपटलं. आत डॉक्टर हात डोक्यामागे घेऊन नुकतेच मागे सरकत होते. निळसर केबलवरून चाक जाताना कट्ट असा आवाज आला. तो आवाज आता साहेबांच्या नावावर होता, त्यामुळे त्यांना तो ऐकू आला.

"उठा!" साहेब ओरडले.

"पण ही आमच्या क्षेत्रातली..."

"उठा म्हणतो ना! खुर्ची माझ्या केबलवर आहे!"

नवी केबल भिंतीच्या कडेने नळीतून टाकायला स्विचताईला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टरांना केसपेपरच्या खिडकीतली लाकडी खुर्ची आणून दिली, तशी ती पुसून तयारच होती. तिच्यावर मागेपुढे होता येत नसे, फार तर आखूड पायावर जरा डुगडुगता येई. दुपारपर्यंत फोटो पूर्वीसारखे उघडू लागले आणि बाहेरचा बाक रिकामा झाला.

पुढच्या बैठकीत आराखडा नव्हता. बाहेरच्या कंपनीचा विषय "तूर्तास स्थगित" झाला, क्षेत्रं राहिली, आकडे पुसायची परवानगी मिळाली, आणि स्पर्धेचा नियम इतक्या हळू आवाजात मागे घेतला गेला की भांडारकाकांना तो दोनदा विचारावा लागला. दारं आपापल्या घरी परतली, प्रत्येक दारापुढे एक सही घेऊन. स्विचताईचे आभार वगैरे कोणी मानले नाहीत. पण खोलीची किल्ली तिच्याकडे राहिली, आणि "केवळ आदेशानुसार" हे शब्द तिने एका शुक्रवारी साडेचारला साहेबांकडून खोडून घेतले. साहेबांनी डॉक्टरांची चाकांची खुर्चीही तिला देऊ केली.

"नको, साहेब," ती म्हणाली. "माझ्या खोलीत खाली सगळ्या ताराच आहेत."

प्रमाणपत्र तेवढं आलं. ते मशीनच छापतं, मध्ये माणसाचा हात नाही. "शून्य क्षेत्राच्या प्रमुख यांना उत्कृष्ट कामगिरीबद्दल." ते पर्समध्ये घालून ती घरी आली, आणि जिन्याच्या वळणावर थबकली. दिवा लागला होता.

"यांनी लावला का?" तिने आत येऊन विचारलं.

नवऱ्याने पेपरमागून "अं?" केलं, म्हणजे नव्हता लावला.

"मी सांगितलं वर जाऊन," सासूबाई म्हणाल्या. प्लास्टरचा हात त्यांनी एखाद्या अधिकाऱ्याच्या दंडुक्यासारखा मांडीवर ठेवला होता. "आणि खालच्यांनाही सांगितलं. हा हात दाखवला आणि म्हटलं, तो दिवा आपला नाही असं मला कागदावर लिहून द्या, डॉक्टरकडे लागतंय. दहा मिनिटांत दोन्हीकडून बल्ब आले."

"दोन्हीकडून?"

"हो. एक लावला वरच्यांच्या मुलाने." त्यांनी टेबलावरचं बल्बचं खोकं पुढे सरकवलं. "हा दुसरा उरला. खालचे म्हणतात, दिलेला परत घेत नाही. वरचे म्हणतात, आमचा नाही."

स्विचताईने खोकं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"मग हा कोणाचा, आई?"

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, पर्समधून डोकावणाऱ्या प्रमाणपत्राकडे पाहिलं, आणि खण उघडून दिला. सुनेचाच, मोज्यांचा.